रविवारी सकाळी नऊचा फोन

"मॅडम, खरं सांगा. यांना दुःखाची आवडच आहे का हो?"

हा प्रश्न मला समुपदेशनाच्या अठरा वर्षांत कितीतरी जणांनी विचारलाय. आई मुलीबद्दल विचारते, भाऊ भावाबद्दल विचारतो. विचारणारा माणूस तोवर पुरता दमलेला असतो, समजावून, भांडून, रडून झालेलं असतं. त्या दिवशी विचारत होती सुनीलची बायको. सुनील शेजारीच मान खाली घालून बसला होता. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. दोघांच्याही परवानगीनं लिहितेय.)

सुनील त्रेचाळीस वर्षांचा. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. व्यसन नाही, कर्ज बेतानं, मुलगी आठवीत. वडील, म्हणजे अण्णा, इचलकरंजीला असतात. उभा जन्म यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा कारागीर, म्हणून गेला, आता चौऱ्याहत्तरीला आलेत. दर रविवारी सकाळी नऊला सुनील त्यांना फोन करतो. सोळा वर्षांत हा नेम चुकलेला नाही. अर्धा तास अण्णा त्याला बोलतात. घर घेतलं ते लांब घेतलं, नोकरी धरली ती दुसऱ्याची, मुलीला लाडावून ठेवलंय, धाकट्या भावाचं बघ आणि तुझं बघ. फोन संपला की सुनील भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडतो, तो संध्याकाळपर्यंत. रविवारी बाबांकडे काही मागायचं नाही, हे मुलीला पाचवीपासूनच ठाऊक आहे.

"बरं, सासरे फोन करत नाहीत," बायको म्हणाली. "हेच करतात. शनिवारी रात्री यांना जेवण जात नाही, तरी नवाला पाच कमी असताना चार्जरवरून फोन काढलेला असतो. मी एकदा लपवून ठेवला, तर शेजाऱ्यांचा मागून आणला."

तिच्या प्रश्नाला मी आधी उत्तर दिलं, कारण 'आवड' हा शब्द माणसाला फार लागतो. सुनीलची मान तो शब्द ऐकूनच आणखी खाली गेली होती. मी म्हटलं, आवड नाही. आवडीच्या गोष्टीआधी कुणाचं जेवण कमी होत नाही.

या शब्दाला आमच्या क्षेत्रातही इतिहास आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९८७ साली 'स्वतःचंच नुकसान करून घेणारं व्यक्तिमत्त्व' असं एक निदान परिशिष्टात, पुढच्या अभ्यासासाठी म्हणून, घातलं गेलं. त्यावर मोठा वाद झाला. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईलाच उद्या हे लेबल लावाल, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. १९९४ च्या आवृत्तीत ते निदान काढून टाकलं. मला हा आक्षेप आजही पटतो. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायका त्रासाच्या घरात राहतात ते पैसा हाती नाही म्हणून, माहेरचं दार बंद आहे म्हणून, घर सोडलं तर जिवाला धोका आहे म्हणून. तिथे 'तू दुःखाला चिकटून का बसलीस' हा प्रश्न क्रूर आहे. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन, वकील, राहायला सुरक्षित जागा, हे आधी बघायचं असतं. सुनीलची गोष्ट वेगळी होती. त्याचं दार उघडं होतं आणि तो दर रविवारी त्या दारापर्यंत जाऊन परत येत होता.

दुसऱ्या भेटीत तो एकटा आला. मी म्हटलं, मागच्या रविवारचा फोन मला बोलून दाखवा. अण्णांचं बोलणंही तुम्हीच बोला. तो क्षणभर बावरला आणि मग सुरू झाला. आवाज बदलला, मान ताठ झाली. "हां, बोल. काय, साहेब झालास काय अजून? न्हाई? तुझ्याच्यानं काय व्हायचं न्हाई रं. मी सांगतोय लिहून ठेव." मध्ये त्याचं स्वतःचं "हो अण्णा", "नाही अण्णा", बारीक आवाजात. एखादी आरती पाठ असावी तसं त्याला ते सगळं पाठ होतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे अण्णा खोकतात, तेसुद्धा. आणि शेवटपर्यंत आल्यावर त्याचे खांदे सैल पडले. मी विचारलं, आत्ता कसं वाटतंय? तो म्हणाला, "सुटल्यासारखं. झालं एकदाचं."

हे 'झालं एकदाचं' मी वहीत लिहून ठेवलं. त्याचा अर्थ मला पुढच्या महिन्यात कळला.

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या रविवारी ते थकलेले होते, आवाज मऊ होता. "बरा आहेस का? पोरगी काय म्हणती?" एवढंच विचारलं. सुनीलनं हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आनंदाची गोष्ट ऐकतेय. पण तो अस्वस्थ होता. हाताला घाम सुटला, म्हणाला. पोटात गोळा आला. दोन मिनिटं गेली, अण्णा रागावेनात. मग यानंच आपणहून सांगितलं, "अण्णा, कंपनीत माझ्या हातून चूक झाली, साहेब बोलले." अशी काही चूक झालीच नव्हती. अण्णा ऑपरेशन विसरून भडकले. नेहमीचं सुरू झालं. आणि सुनीलच्या पोटातला गोळा विरघळला.

हे सांगताना त्याला रडू आलं. "मॅडम, मी खोटं बोलून शिव्या मागून घेतल्या. मी वेडा आहे का?"

वेडा नव्हता. त्याच्या लहानपणीच्या घरात शांतता ही वाईट खूण होती. अण्णा दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत आणि मग एका संध्याकाळी कशावरून तरी फुटायचे, कधी ते कळायचं नाही. रागावून झालं की मात्र आठवडाभर घर मोकळं. आठ वर्षांचा सुनील डबा घेऊन कारखान्यात जायचा. मागांच्या खडखडाटात अण्णा ओरडूनच बोलायचे, तेवढंच बोलायचे, पण ते त्याच्याकडे बघून बोलायचे. म्हणजे रागावणं ही त्याला मिळालेली एकुलती एक वडिलांची नजर होती. मार चुकवायचा नसतो, लवकर उरकून घ्यायचा असतो, हे त्या मुलाला तेव्हाच कळलं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी मऊ आवाज ऐकल्यावर अंगाला घाम फुटला तो त्या आठ वर्षांच्या मुलाचा.

हे मी इतकं सविस्तर लिहितेय, कारण घरच्यांना इथेच चकवा बसतो. त्यांना दिसतं की माणूस दुःखाकडे जातोय. जे दिसत नाही ते हे की सुखाकडे जाताना त्याला जास्त भीती वाटते. दुःखात कुठे पाय ठेवायचा हे त्याला अंधारातही माहीत असतं.

कामावरही तेच. साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं की हा ताबडतोब स्वतःची एक चूक काढून दाखवायचा. विल्यम स्वान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकापासून यावर काम केलंय. माणसाला स्वतःबद्दलचं चांगलं मत हवं असतं, तसंच स्वतःबद्दल आपण जे धरून चाललोय त्याला दुजोराही हवा असतो. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात नैराश्यातली माणसं इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आपल्याबद्दलची प्रतिकूल मतं ऐकायला पसंती देताना दिसली. कौतुक खोटं वाटतं, टीका खरी वाटते आणि खऱ्याचा आधार वाटतो. सुनील दिवसभर मोजमापं करतो, त्याला हे पटकन समजलं. म्हणाला, "म्हणजे माझं गेजच चुकीचं सेट झालंय."

मग काय केलं? फोन बंद करा असं मी म्हटलं नाही. बायकोला ते आवडलं नाही, हे मला कळत होतं. पण सोळा वर्षं जो धागा धरून माणूस उभा आहे तो हिसकावला तर तो दुसरा तसाच शोधतो, साहेबात किंवा बायकोतसुद्धा.

आम्ही अगदी लहान बदलापासून सुरुवात केली. पहिले दोन आठवडे फोन पलंगावर बसून करायचा नाही, गॅलरीत उभं राहून करायचा. बाकी सगळं तेच. मग वेळ: नऊऐवजी साडेनऊ. त्या अर्ध्या तासात शरीरात काय होतं ते एका ओळीत लिहायचं. पहिल्या रविवारी त्यानं लिहिलं होतं, 'काहीतरी राहिलंय असं वाटतंय, गॅस चालू राहिल्यासारखं.'

इथे मी त्याला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले (आज असा प्रयोग करू देणार नाहीत, आणि ते बरंच आहे). पुढे त्याच कुत्र्यांना बुटका अडथळा ओलांडून सुटता येत होतं, तरी त्यातले बरेच जण पडून राहिले. हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग कमी सांगितला जातो. पुढच्या वर्षी त्यांनी अशा कुत्र्यांना पट्ट्याला धरून अडथळ्यापलीकडे ओढून नेलं, पुन्हा पुन्हा नेलं, तेव्हा कुठे ते आपणहून जायला लागले. आणि २०१६ साली, जवळपास पन्नास वर्षांनी, याच दोघांनी आपलं मूळ स्पष्टीकरण उलटं केलं: लांबलेल्या त्रासात निपचित पडणं हे शिकावं लागत नाही, ते आपोआप होतं. आपल्या हातात काही आहे, हे मात्र शिकावं लागतं. सुनीलला यातला 'पुन्हा पुन्हा' हा शब्द लागला. एकदा समजावून माणूस बदलत नाही, यात त्याचा हट्ट कमी आणि शरीराची सवय जास्त असते.

सगळ्यात अवघड भेट नववी होती. मी विचारलं, "अण्णा कधीच शाबास म्हणणार नाहीत, असं धरून चाललो तर?"

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिला. मग म्हणाला, "मग मी एवढे फोन कशाला केले?"

त्या दिवशी तो खूप रडला. मी मध्ये बोलले नाही. सोळा वर्षं दर रविवारी तो शिव्या खायला जातोय असं सगळ्यांना वाटत होतं. तो जात होता त्या एका शब्दासाठी. आज येईल, पुढच्या रविवारी येईल. दुःख सोडायचं म्हणजे ती आशाही सोडायची, आणि तिच्यासाठी कुणी सुतक पाळत नाही. 'सोडा ना आता' असं म्हणणाऱ्या घरच्यांना मी हे कळकळीनं सांगते: तुम्ही ज्याला कचरा समजून टाकायला सांगताय, त्यात त्या माणसानं फार मौल्यवान काहीतरी गुंडाळून ठेवलेलं असतं. त्याला ते आधी बाहेर काढून बघू द्या. सुनीलच्या बायकोनं त्यानंतर एक केलं. रविवारी दुपारी 'तरी सांगत होते' म्हणणं थांबवलं आणि चहा ठेवून शेजारी बसायला लागली.

एक सावधगिरीची गोष्ट. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, कशातच गोडी उरली नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ते सवयीचं दुःख समजून थांबू नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो, त्याला औषध आहे, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सुनीलचं हे सगळं मी पहिल्याच भेटीत तपासलं होतं.

पुढची युक्ती सुनीलची स्वतःची. त्याच्या कामात भोकाचं माप बरोबर आहे का ते बघायला एक प्लग गेज असतं. एका टोकाला 'गो', दुसऱ्याला 'नो-गो'. गो टोक भोकात गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. दोन्ही जमलं तरच नग पास. त्यानं एक बाद झालेलं गेज खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "अण्णांचं बोलणं सगळं आत घेत होतो. आता दोन टोकं ठेवतो." तब्येत, शेजारीपाजारी, जुने दिवस आत. भावाशी तुलना आणि 'तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई' बाहेर. कौतुकासाठीही एक छोटा सराव दिला: कुणी चांगलं बोललं तर 'पण' न लावता मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. आधी तो चारपर्यंत पोचायचा.

सात महिन्यांनी, चौदाव्या भेटीत, त्यानं सांगितलं. रविवारी साडेनऊला गॅलरीतून फोन केला. अण्णा सुरू झाले. छाती धडधडत होती, तरी हा म्हणाला, "अण्णा, ते राहू द्या. मी डबा घेऊन आलो होतो तेव्हा धोटा उडून खिडकीची काच फुटली होती बघा. तो माग कुणाचा होता?" (धोटा म्हणजे मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा भाग.)

पलीकडे शांतता. तीच जुनी, घाम फोडणारी. सुनील म्हणाला, मी कठड्याला धरून उभा राहिलो, काही बोललो नाही.

"कोणता धोटा?" अण्णांनी विचारलं. आणि मग, "आरं, तो दोन नंबरचा माग. तुला आठवतंय व्हय?"

बारा मिनिटं बोलले. शाबास नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर दिवस एवढा मोठा समोर पडला होता की काय करावं ते सुनीलला कळेना. शेवटी मुलीला घेऊन भाजी आणायला गेला. दुपारी थोडं उदास वाटलंच, त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि पुढच्या महिन्याची वेळ मागून घेतली.