भाडं थकलं, समरी सूट आला, आता लीव्ह टू डिफेन्ड कसं मागायचं?

प्रश्न: ताई, नाशिकला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान होतं, लीव्ह अ‍ॅण्ड लायसन्सवर, महिना २५ हजार, डिपॉझिट १ लाख. धंदा बसला, भाडं थकलं, पाच महिने थकल्यावर मी दुकान खाली करून चावी मालकांच्या मुलाकडे दिली, 'चावी मिळाली' असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे. आता मालकांनी आठ महिन्यांचे २ लाख अधिक १८ टक्के व्याज असा समरी सूट टाकलाय. अ‍ॅग्रीमेंटमध्ये व्याजाचा शब्द नाही. समन्स येऊन आठवडा झाला. मित्र म्हणतो ३० दिवस असतात, आरामात कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दे. खरंय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. ३० दिवस साध्या दाव्यात. तुमचा समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दावा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा आहे, त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत आधी नुसती हजेरी लावायची, म्हणजे वकीलपत्र आणि नोटिसा कुठे पाठवायच्या तो पत्ता द्यायचा. (तुम्हाला ईमेलने लगेच कळवलंय, अंक येईपर्यंत थांबला असता तर संपलंच होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय.) हजेरी चुकली की मालकांचं म्हणणं तुम्हाला कबूल आहे असं धरून डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम, होते.

हजेरी लागल्यावर मालक 'समन्स फॉर जजमेंट', म्हणजे आता निकाल द्या असं मागणारं दुसरं समन्स, बजावतील. ते मिळालं की परत १० दिवस, आणि खरी लढाई इथे. या मुदतीत अ‍ॅफिडेव्हिट करून कोर्टाकडे बचावाची परवानगी मागायची, तेच लीव्ह टू डिफेन्ड. कैफियत त्यानंतर, परवानगी मिळाली तर.

अ‍ॅफिडेव्हिटात रडगाणं नको. धंदा बसला, घरात आजारपण होतं, याने कोर्ट हलत नाही, कारण भाडं द्यायचं होतं हे त्याने उलट कबूलच होतं. हिशोब मांडा. पाच महिन्यांचे १,२५,०००, त्यातून डिपॉझिटचे १ लाख वजा, राहिले २५ हजार. पुढचे तीन महिने ताबाच तुमच्याकडे नव्हता, चावीचा मेसेज तारखेसकट प्रिंट काढून जोडा आणि तो फोन विकू नका. व्याज करारात नाही तर १८ टक्के आले कुठून, हेही विचारा.

आता जे २५ हजार तुम्ही स्वतःच मान्य करताय ते कोर्टात भरायची तयारी ठेवा, कारण कबूल रक्कम भरल्याशिवाय परवानगी देता येत नाही असं त्याच ऑर्डरमध्ये लिहिलंय, आणि लोक नेमके इथे अडकतात, बचाव चांगला असतो पण पैसे भरायचे म्हटलं की तोंड फिरवतात.

बाकी रकमेबद्दल कोर्ट बघतं की बचावात दम आहे का. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या निकालात पायऱ्या घालून दिल्यात: ठोस बचाव असेल तर विनाअट परवानगी, हेतूबद्दल शंका आली तर पैसे किंवा सिक्युरिटी भरायची अट, नुसताच वेळकाढूपणा असेल तर परवानगीच नाही. तुमच्याकडे मेसेज आहे, मला तरी विनाअट मिळायला हरकत दिसत नाही. पण अट लागलीच तर मुदतीत पैसे भरा, नाहीतर मालकांना लगेच डिक्री मिळते.

आणि ज्यांचे १० दिवस आधीच उलटलेत त्यांनी उशीर माफीचा अर्ज सोबत जोडावा, सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, फक्त 'वकील गावाला गेले होते' एवढ्यावर भागेल असं धरून चालू नका.