अमेरिकेत फेडरल कोर्ट आणि स्टेट कोर्ट असे दोन प्रकार का? आपल्या हायकोर्ट-सुप्रीम कोर्टासारखंच आहे का ते?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. भारतात एकच उतरंड आहे. कायदा संसदेचा असो वा विधानसभेचा, खटला साधारणपणे त्याच जिल्हा न्यायालयापासून वर जातो. अमेरिकेत मात्र दोन स्वतंत्र शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत: एक राज्याच्या (स्टेट) कोर्टांची, दुसरी केंद्राच्या म्हणजे फेडरल कोर्टांची.

घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्र, भाडेकरार, चोरी, बहुतेक खून हे सगळं राज्याच्या कोर्टात. म्हणजे न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी जोडप्याचा घटस्फोट न्यू जर्सीच्याच कोर्टात चालणार. दिवाळखोरी, पेटंट, केंद्रीय गुन्हे हे फेडरल कोर्टाचं काम. दोन वेगळ्या राज्यांतल्या नागरिकांचा वाद ७५,००० डॉलरपेक्षा जास्त रकमेचा असेल, तर तोही फेडरल कोर्टात नेता येतो.

फेडरल न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि पद तहहयात असतं. अनेक राज्यांत मात्र न्यायाधीश चक्क निवडणूक लढवतात! मला ही पद्धत पटत नाही. निकाल देताना मतांचा विचार मनात येऊ नये.

राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा निकाल राज्याच्या कायद्यापुरता अंतिम असतो. त्यात केंद्रीय कायद्याचा किंवा अमेरिकी राज्यघटनेचा प्रश्न असेल, तरच वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावता येतं.

नावांवरून मात्र फसू नका. न्यू यॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटला चालवणारं खालचं कोर्ट आहे. सर्वांत वरचं ‘कोर्ट ऑफ अपील्स’.