पगार डॉलरमध्ये, पण मालक कोण?

«ताई, आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, त्याला आठ महिने झाले. मुंबईचा एक एजंट इराकमध्ये परदेशी छावणीवर गार्डची नोकरी देतो म्हणतो. पगार महिना १८०० डॉलर. आधी अडीच लाख भरायचे, व्हिजिट व्हिसावर दुबईला जायचं, करारपत्र तिथं मिळणार. मला भीती वाटते. पण घरात नुसता बसून राहिलेला माणूसही बघवत नाही. तुम्हीच यांना समजवा.
– एक बहीण, कोरेगाव तालुका»

ताई,

समजवायला मी कोण? ज्यानं सीमेवर रात्री काढल्या, त्याला ‘तिथं गोळी लागेल’ हे मी इथं पंख्याखाली बसून सांगावं, हे काही बरं दिसत नाही. गोळीचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. मला काळजी आहे ती कागदाची.

फौजेत काही झालं असतं तर तुमच्यामागे रेकॉर्ड ऑफिस होतं, फॅमिली पेन्शन होती, पलटण होती. या नोकरीत मागे कोण, ते पत्रात कुठंच नाही. छावणी एका देशाची, ठेका दुसऱ्या कंपनीचा, माणसं पुरवणारी तिसरी आणि पैसे घेणारा मुंबईचा. काही घडलंच तर चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. २० जून २०१६ ला काबूलमध्ये कॅनडाच्या वकिलातीचे गार्ड कामावर निघाले होते. मिनीबस साधी, चिलखत नसलेली. बॉम्बहल्ल्यात मेलेले बहुतेक नेपाळी होते आणि दोघं आपल्या डेहराडूनकडचे. वकिलात कॅनडाची, पण हे गार्ड तिचे नोकर नव्हते. ते ठेकेदार कंपनीचे. २०२४ मध्ये रशियाला ‘मदतनीस’ म्हणून नेलेली आपली पोरं थेट युद्धाच्या आघाडीवर पोचली. सीबीआयला गुन्हा नोंदवावा लागला. काहींचे मृतदेहच घरी आले.

पैसा खोटा आहे असं मी म्हणत नाही. १८०० डॉलर म्हणजे महिना दीड लाख. दोन वर्षांत घराचं कर्ज फिटतं, मुलीचं कॉलेज होतं, शिवाय पेन्शन चालूच. चांगल्या कंपनीतून नीट जाऊन आलेली माणसं आहेत. पण एकाच फाटकावर उभ्या असलेल्या ब्रिटिश माणसाचा आणि नेपाळी-युगांडी माणसाचा पगार सारखा नसतो. कंपन्यांची चढाओढ वाढली, की आधी कापला जातो तो खालचा.

आता एजंट. कायद्यानं नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. हा अडीच लाख मागतो, तिथंच त्याची परीक्षा झाली. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा, मुलगी दोन मिनिटांत काढून देईल. आणि नोकरीला व्हिजिट व्हिसावर न्यायचं कारण काय? हवालदारसाहेब दहावी पास असतील, तर पासपोर्ट ‘ईसीआर’चा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागणारा, नसणार. म्हणजे विमानतळावर कुणी अडवणार नाही, पण करारपत्र कुणी तपासणारही नाही. दहावी नापास मजुराचा करार सरकार बघतं, विमा सक्तीचा करतं. शिकलेल्यानं आपलं आपण बघायचं असा हा उफराटा न्याय आहे.

खरा करार हाती आला, तर पगाराच्या आधी विम्याचं पान वाचा. काम अमेरिकी सरकारच्या ठेक्यावरचं असेल, तर ‘डिफेन्स बेस ॲक्ट’खाली कंपनीला विमा काढावाच लागतो. कामगार कुठल्याही देशाचा असो, मृत्यू झाला तर बायकोमुलांना भरपाई मिळते. इराकमध्ये २००४ साली मारल्या गेलेल्या नेपाळी मजुरांच्या घरच्यांना ती मिळाली, पण त्यासाठी अमेरिकेत दावा लढावा लागला. म्हणून मूळ ठेका कुणाचा, विमा कंपनी कोणती, हे लेखी घ्या. घरातल्या पॉलिसीवर विसंबू नका. आपल्याकडच्या बऱ्याच अपघात विम्यांत युद्धातला मृत्यू वगळलेला असतो.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य शेवटाकडचं आहे, घरात बसलेला माणूस बघवत नाही ते. इतकी वर्षं घर तुम्ही एकटीनं चालवलंत. शाळा, सोसायटीचं कर्ज, सासूबाईंचं आजारपण, सगळं. आता एक माणूस पहाटे पाचला उठून तुमच्याच स्वयंपाकघरात शिस्त लावतोय. तो दोन वर्षं जाईल म्हटल्यावर भीती वाटते, आणि थोडं हायसंही वाटत असेल. वाटलं तर त्यात पाप नाही. त्यांनाही घरात आपलं काम काय, ते सापडत नसणार. इराक म्हटलं की पुन्हा गणवेश, ड्यूटी, आणि पाठवलेला पैसा. ते सगळं त्यांना येतं. हे तुम्ही दोघं अजून बोललेला नाहीत, असं मला दिसतंय. एजंटाचा विषय बाजूला ठेवून एकदा बोला.

सोमवारी दोघं मिळून साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मेस्कोकडे, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाकडे, नाव नोंदवा. डीएससीत, म्हणजे माजी सैनिकांना घेणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरतीचं विचारा, तिथं वयाची आणि निवृत्तीनंतरच्या वर्षांची मर्यादा असते, त्यामुळे उशीर नको. पगार कमी आहे, हे हवालदारसाहेब लगेच म्हणतील. म्हणू देत. परदेशाचंच मनात असेल, तर दुसरा, नोंदणीकृत एजंट शोधा आणि इथंच, सहीआधी करार मागा. त्याची प्रत मला पाठवलीत तर मी ओळखीच्या वकीलबाईंना दाखवीन.

या एजंटाला मात्र एक रुपयाही देऊ नका, आणि पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर आधी तो परत आणा.

– तुमची ताई