माळा रिकामा, तरी कम्प्युटर म्हणतो मेमरी संपली

प्रश्न : नमस्कार दादा, डिचोलीला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. चवथ जवळ आली की आरतीची पुस्तकं, देवळातल्या नाटकांची हँडबिलं सगळं एकदम येतं आणि नेमका तेव्हाच कम्प्युटर अडकतो, मेमरी कमी आहे, प्रोग्रॅम बंद करा म्हणतो. 4 जीबी रॅम आहे, विंडोज 10. सी ड्राइव्हमध्ये 200 जीबी रिकामी आहे तरी असं का? जुने फोटो उडवले, फरक नाही. मागे एकाने स्पीड वाढवतो म्हणून काहीतरी सेटिंग केलं होतं, आता तोच म्हणतो फॉरमॅट मारूया. मारू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, फॉरमॅट नको, आधी हे करून बघा. आणि फोटो उडवायची गरजच नव्हती, कारण सी ड्राइव्ह म्हणजे तुमच्या दुकानाचा माळा आणि रॅम म्हणजे काउंटर, माळा कितीही रिकामा असला तरी काउंटर भरला की काम अडणारच. काउंटर भरला की विंडोज काय करतं, सध्या न लागणारं सामान माळ्यावर एका फाईलमध्ये नेऊन ठेवतं, तिला पेज फाईल म्हणतात. लागलं की परत खाली आणतं. साधी हार्ड डिस्क असेल तर ह्या वर-खालीमध्येच कम्प्युटर अडकतो.

पण तुम्हाला तर सरळ मेसेजच येतोय, म्हणजे रॅम आणि पेज फाईल मिळून जेवढी जागा होते ती सगळी संपत आलीय. 200 जीबी रिकामी असताना असं झालं की माझा पहिला संशय त्या स्पीडच्या सेटिंगवर, बरेच जण पेज फाईल बंद करतात नाहीतर एकदम लहान करून ठेवतात. स्टार्टच्या सर्चमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज शोधा, परफॉर्मन्सच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, तिथे व्हर्च्युअल मेमरीच्या चेंजवर क्लिक करा. सगळ्यात वर ऑटोमॅटिकली मॅनेजवाला चौकोन आहे, त्यावर टिक नसेल तर करा आणि रीस्टार्ट करा. शट डाउन नको, रीस्टार्टच, कारण फास्ट स्टार्टअप, म्हणजे कम्प्युटर लवकर सुरू व्हायची विंडोजची सोय, चालू असलं की शट डाउन करूनही विंडोजचा आतला भाग आणि ड्रायव्हर जसेच्या तसे सेव्ह होतात, त्यांनी धरून ठेवलेली मेमरी सुटत नाही.

मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, मेमरीच्या नावावर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. बहुतेक ब्राउझर असेल, गिऱ्हाईकाचे ऑनलाइन फॉर्म भरून टॅब तसेच राहतात ना, ते बंद करत जा. एखादा प्रोग्रॅम काही न करता सकाळपासून वाढतच चाललाय असं दिसलं तर ती मेमरी लीक, तो बंद करून परत उघडायचा, अपडेट असेल तर टाकायचं. स्टार्टअप टॅबमधले नको ते डिसेबल करा. रॅम साफ करणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका, ती बहुतेक काउंटरवरचं माळ्यावर ढकलतात, लगेच ते परत खाली आणावं लागतं.

हे सगळं करूनही खरं सांगायचं तर डीटीपी आणि ब्राउझर एकत्र चालवायला 4 जीबी कमीच, त्यातला थोडा भाग बिल्ट-इन ग्राफिक्सही घेतं. 8 करा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीखाली रॅमच्या पट्ट्या बसवायचे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, एक रिकामा असेल तर अजून एक 4 जीबीची पट्टी चालेल, फक्त पट्टीचा प्रकार डीडीआर 3 आहे की 4 ते विचारूनच घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही. आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पट्टीच्या पिनांवर थर बसू शकतो, मग पट्टी असूनही कम्प्युटरला दिसत नाही, म्हणून नवी बसवल्यावर आकडा 8 दाखवतोय ना ते दुकानातून माणूस जायच्या आधीच बघून घ्या.