आठ दिवस म्हणजे सात, पंधरा म्हणजे चौदा

वाचकांचे प्रश्न : ओपीडीच्या तारखा आणि नंबरांचा घोळ

प्रश्न : आईला हाडांच्या ओपीडीत मंगळवारी दाखवले. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी या. कॅलेंडरवर पंधरा दिवस मोजून भंडाऱ्याहून सकाळच्या गाडीने नागपूरला आणले. खिडकीवर सांगितले, 'आज तुमचं युनिट नाही, मंगळवारी या.' जाण्यायेण्याचा खर्च आणि एक दिवसाची मजुरी गेली. चूक नेमकी कोणाची? (एक वाचक, भंडारा)

उत्तर : चूक कोणा एकाची नाही, ती भाषेची आहे. मराठीत 'आठ दिवसांनी ये' म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वारी, आणि 'पंधरा दिवसांनी' म्हणजे दोन आठवड्यांनी. बोलताना सगळ्यांना हे बरोबर कळते. मात्र कॅलेंडर समोर घेऊन एकेक घर मोजले की सात नाही तर आठ आणि चौदा नाही तर पंधरा घरे होतात, आणि मंगळवारचा बुधवार होतो. तुमचे तेच झाले.

वार चुकला तर एवढे का बिघडते, ते पाहा. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांत मेडिसिन, सर्जरी, हाडे, स्त्रीरोग अशा मोठ्या विभागांची युनिटे, म्हणजे डॉक्टरांचे गट, पाडलेली असतात. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला, ऑपरेशनचा वार वेगळा, भरती करून घेण्याचा वार आणखी वेगळा. बुधवारी तुमच्या डॉक्टरांचे अख्खे युनिट ऑपरेशन थिएटरमध्ये असू शकते. त्या दिवशी ओपीडीत बसलेले दुसरे युनिट आईला तपासेलही, पण प्लास्टर कधी काढायचे किंवा सळई ठेवायची की नाही, असा निर्णय ते सहसा पहिल्या युनिटवरच सोडते.

म्हणून परतीची तारीख आठवड्यांत मागा: 'सर, किती आठवड्यांनी?' ७, १४, २१, २८ मोजले की वार बदलत नाही. 'महिन्याने या' हे त्याहून फसवे. त्याच तारखेला पुढच्या महिन्यात गेलात, तर ३० दिवसांच्या महिन्यात वार दोनाने पुढे सरकतो आणि ३१ च्या महिन्यात तीनाने. मंगळवार, १२ ऑगस्ट असेल तर १२ सप्टेंबरला शुक्रवार येतो. फक्त २८ दिवसांच्या फेब्रुवारीत वार तोच राहतो.

केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात युनिटचा आकडा असतो, बहुतेक वेळा रोमन. तो नसेल तर तपासणीच्या टेबलावरून उठण्याआधी लिहून घ्या, शेजारी वारही लिहायला सांगा. पाच सेकंदांचे काम आहे. बाहेर आल्यावर तेच विचारायला तीन खिडक्या फिराव्या लागतात.

सुट्ट्यांकडेही लक्ष असू द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळा आणि मारबतीला, नागपुरात स्थानिक सुट्टी असते. ती बाहेरगावच्या लोकांच्या ध्यानात नसते. युनिटचा वार सुट्टीवर आला तर पुढची पाळी बहुधा थेट आठवडाभराने, म्हणून तारीख घेतानाच 'त्या दिवशी ओपीडी आहे ना?' असे विचारा. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन सुरू असताना शहरातले काही रस्ते वळवलेले असतात, तेव्हा तासभर आधीच निघा. रक्तदाब, साखर, फिटचे औषध घेणाऱ्यांनी गोळ्या तारखेपर्यंतच्या न मागता आठवडाभराच्या जास्त मागाव्यात. तारीख हुकली तरी गोळी हुकू नये.

प्रश्न : वडिलांचे नाव संगणकात दोनदा निघाले. एका नंबरवर जुना ईसीजी आणि रिपोर्ट, दुसऱ्यावर नवी अपॉइंटमेंट. डॉक्टरांना जुने काहीच दिसत नाही. आता पुन्हा सगळ्या तपासण्या करायच्या का? (मानेवाडा)

उत्तर : तपासण्या पुन्हा करू नका, आधी दोन्ही नंबर एक करून घ्या.

एक माणूस संगणकात दोनदा जन्मतो, त्याची कारणे ठरलेली आहेत. एकदा 'वानखेडे' टाइप होते, एकदा 'वानखडे'. एकदा आडनाव आधी, एकदा शेवटी. बालाघाट, छिंदवाड्याकडून आलेल्यांच्या कागदावर वडिलांचे नाव मधे नसतेच. वय दर वेळी अंदाजाने सांगितले जाते. सगळ्यात मोठा घोळ मोबाइल नंबरचा: घरातल्या पाच जणांना मुलाचाच नंबर दिलेला असतो. खिडकीवर तो टाकला की पाच नावे येतात, आणि मागे रांग ओरडत असताना कारकून पहिले नाव उचलतो किंवा नवीनच नोंद करून मोकळा होतो.

रांगेच्या खिडकीवर हे दुरुस्त होणार नाही, तिथल्या कारकुनाला तेवढी मुभाच नसते. रेकॉर्ड विभागात किंवा नोंदणी प्रमुखाकडे जा. दोन्ही केसपेपरच्या झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि चार ओळींचा अर्ज न्या: 'या दोन नोंदणी क्रमांकांचा रुग्ण एकच आहे, जुना क्रमांक कायम ठेवून नोंदी एकत्र कराव्यात.' जुनाच का? कारण रिपोर्ट त्याला जोडलेले असतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. ते होईपर्यंत ओपीडीत जाताना दोन्ही कागद एकत्र स्टेपल करून न्या आणि दोन्हींवर एकमेकांचा नंबर ठळक लिहा.

आभा, म्हणजे केंद्राच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, हा १४ आकडी असतो. त्याचा उपयोग इथे होतो, पण एका अटीवर. नोंदणीच्या जागी लावलेला क्यूआर कोड मोबाइलवरून स्कॅन केला की नाव, वय, लिंग आभातून थेट संगणकात जाते आणि टाइप करण्यातली चूक टळते. मात्र आभातले नाव जुन्या केसपेपरवरच्या नावापेक्षा वेगळे असेल, तर स्कॅन केल्याने तिसरी नोंद तयार होऊ शकते! म्हणून पहिल्यांदा स्कॅन करतानाच जुना नंबर दाखवा आणि आभा त्याला जोडून मागा.

तीन वेगवेगळ्या क्रमांकांची गल्लतही नेहमीची आहे. नोंदणी क्रमांक माणसाचा, तो बदलत नाही. अपॉइंटमेंट क्रमांक त्या भेटीचा. टोकन त्या दिवसाच्या रांगेचे, संध्याकाळी ते रद्दी. फोनवर चौकशी करताना लोक टोकन सांगतात आणि पलीकडून उत्तर येते, 'अशी नोंदच नाही.'

प्रश्न : चिठ्ठीवर हाताने ४ तारीख लिहिली होती. नातवाने ती ८ वाचली आणि आम्ही चार दिवस उशिरा पोहोचलो. (प्रतापनगर)

उत्तर : इंग्रजी माध्यमातली मुले मराठी ४ ला इंग्रजी आठ आणि १ ला इंग्रजी नऊ समजतात. घाईच्या अक्षरात मोठ्यांचीही तीच गत. तारखेला वार जोडा आणि महिना अक्षरांत लिहा: 'गुरुवार, ४ जून'. आकडा चुकला तरी वार अडवतो. औषधाच्या चिठ्ठीवरही हेच होते, आणि तिथे १ चा नऊ झाला तर ते नुसत्या फेऱ्यावर भागत नाही.

प्रश्न : खासगी रुग्णालयात ११ ची वेळ घेतली, नंबर दीडला लागला. साखरेच्या तपासणीसाठी मी तोवर उपाशी. वेळ देतातच कशाला? (सदर)

उत्तर : ती वेळ डॉक्टरांना भेटण्याची नसते, रांगेत बसण्याच्या परवानगीची असते. एका १० मिनिटांत दोन-तीन नावे लावायची पद्धत सर्रास आहे, कारण काही लोक येतच नाहीत असे गृहीत धरलेले असते. सगळे आले की गाडी घसरली. मधे 'फक्त रिपोर्ट दाखवायचाय' म्हणणारे शिरतात, त्यांची नोंद कुठेच नसते. फोनवर इतकेच विचारा: ओपीडी सुरू किती वाजता होते, माझ्या आधी किती जण, आणि त्या दिवशी सकाळी डॉक्टरांची ऑपरेशने आहेत का. ऑपरेशनचा दिवस असेल तर दुसरी तारीख मागा. नसेल तर पहिली वेळ मागा, ती सहसा कमी सरकते.

उपाशी राहण्याचा आणि डॉक्टरांच्या वेळेचा काही संबंध नाही, हे मात्र स्वागतकक्षातून कोणी सांगत नाही. उपाशीपोटी साखरेला ८ ते १० तास पुरतात. रात्री साडेनऊला जेवण झाले असेल तर सकाळी साडेसातला घराजवळच्या लॅबमध्ये रक्त द्या. आठला नाश्ता करा आणि पहिल्या घासापासून बरोबर २ तासांनी, म्हणजे दहाला, दुसरे रक्त द्या. शेवटच्या घासापासून मोजणारे पुष्कळ आहेत, त्यांचा आकडा चुकतो. अकराला तुम्ही पोट भरून रांगेत बसलेले असाल. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, असेल तर उपाशी राहावेच लागत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन रांगेत बसू नका, साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. त्या दिवशीचा डोस केव्हा घ्यायचा, हे आदल्या दिवशीच फोनवर विचारून ठेवा.

प्रश्न : ऑनलाइन अपॉइंटमेंट होती, तरी खिडकीवर रांगेत उभे केले. तक्रार कुठे करायची? (वर्धा)

उत्तर : सरकारी रुग्णालयांसाठी केंद्राची ऑनलाइन नोंदणी सेवा २०१५ पासून आहे. त्यातून तुमची नोंदणी आणि दिवस पक्का होतो, पण अनेक ठिकाणी हजेरी लावायला आणि केसपेपरची छपाई घ्यायला खिडकी चुकत नाही. ऑनलाइनवाल्यांची खिडकी वेगळी आहे का, ते आधी रखवालदाराला विचारा. साध्या रांगेत तासभर उभे राहून मग कळण्यात अर्थ नाही.

तक्रार रुग्णालय कोणाचे आहे त्यावर ठरते. मिहानमधले एम्स केंद्राचे, त्याची तक्रार केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर. मेडिकल आणि मेयो राज्याचे, तिथे आधी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी, नंतर राज्याच्या 'आपले सरकार' पोर्टलवर. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी महानगरपालिकेकडे असते, म्हणून त्यांची तक्रारही तिथेच, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद त्यांना दर्शनी भागात लावावी लागते. अर्जात संताप नको. तारीख, वेळ, नोंदणी, अपॉइंटमेंट आणि टोकन हे तीनही क्रमांक, खिडकी क्रमांक, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि तुम्हाला काय हवे ते एका ओळीत. 'कर्मचारी उद्धट आहेत' यावर कोणी काही करू शकत नाही, 'खिडकी ४ वर ९.१० ला अपॉइंटमेंट नाकारली' यावर करू शकतो.

प्रश्न : चिठ्ठीवर फक्त 'सुपर' लिहिले आहे. म्हणजे मेडिकलच ना? (गोंदिया)

उत्तर : नाही. सुपर स्पेशालिटी मेडिकलशी जोडलेले आहे, पण इमारत वेगळी आणि नोंदणीची खिडकीही वेगळी. हृदय, किडनी, मेंदू असे विभाग तिथे आहेत. ऑटोवाल्याला 'मेडिकल' सांगितले तर तो मेडिकल चौकात उतरवून देईल, म्हणून 'सुपर स्पेशालिटी' असे पूर्ण नाव सांगा. जिथून पाठवले तिथेच विभागाचे नाव, वार आणि नोंदणी किती वाजेपर्यंत चालते, हे चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या.