फोटो असताना हाताने काढलेलं पोर्ट्रेट कशाला विकत घ्यायचं?

हा प्रश्न १८३९ पासूनचाच आहे, तेव्हा डॅगेरोटाइप, म्हणजे फोटो काढायची सुरुवातीची पद्धत, आली आणि छोटी पोर्ट्रेट काढणाऱ्या बऱ्याच चित्रकारांचं काम गेलं. त्याआधी चेहरा जपायचा तर चित्र किंवा शिल्प हाच मार्ग, इजिप्तमधली फायूमची लाकडावरची पोर्ट्रेट तर जवळपास २००० वर्षं जुनी आहेत आणि त्यातले डोळे अजून रोखून बघतात राव! आता घ्यायचंच असेल तर आधी चित्रकाराला विचारा की खरंच हाताने रंगवणार की कॅनव्हासवर प्रिंट काढून वरून ब्रश फिरवणार, कारण असलं सर्रास चालतं. बघून काढायला फोटो नैसर्गिक उजेडातला द्या, फ्लॅशमध्ये चेहरा सपाट होतो. ऑइल पेंट पूर्ण सुकायला महिने लागतात, घाई असेल तर चारकोल, म्हणजे कोळशाने काढलेलं चित्र, घ्या.