रीफ घेताना शिडाचा कोपरा खाली का येत नाही?

प्रश्न : आम्ही पैठणचे तिघे मित्र आहोत. मुंबईजवळ ठेवलेली 30 फुटी जुनी शिडाची नौका आम्ही भागीत घेतली आहे. गेल्या फेब्रुवारीत वारा अचानक वाढला, तेव्हा मुख्य शीड लहान करण्यासाठी पहिला रीफ घेताना शिडाचा मागचा कोपरा बूमपर्यंत, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यापर्यंत, येईना. मधल्या बारीक दोऱ्या आम्ही आधीच बांधून घेतल्या होत्या. मग विंचवर, म्हणजे दोर ओढण्याच्या फिरकीवर, रीफचा दोर जोर लावून ओढला, तर त्या दोऱ्यांच्या एका छिद्रापाशी कापड टरकले. किकर तेवढा कसलेलाच होता. चूक शिडाची, मांडणीची की आमची? शिवाय सगळे दोर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसण्याच्या जागेत, आणावेत काय?
— एक वाचक, पैठण

उत्तर : शीड निर्दोष आहे. चूक क्रमाची झाली, आणि ती तुम्ही प्रश्नातच नोंदवली आहे : किकर कसलेला होता आणि मधल्या दोऱ्या आधी बांधल्या होत्या.

किकर म्हणजे डोलकाठीच्या बुडापासून बूमला तिरके खाली ओढून धरणारे कप्प्यांचे दोर. मेनशीट, म्हणजे बूम आत-बाहेर करण्याचा दोर, कसलेली आणि बूम नौकेच्या मध्यावर असते, तेव्हा बूम खाली धरण्याचे काम बऱ्याच अंशी मेनशीटच करते. पण ती सैल सोडून बूम बाहेर गेली, की तिची ओढ आडवी होते आणि बूम वर उचलली जाऊ न देण्याचे काम एकट्या किकरवर येते. रीफ घेताना मात्र शिडाच्या मागच्या कोपऱ्याकडे बूमला थोडे वर जाता आले पाहिजे. बैलगाडीच्या दांडीवर एक जण बसून राहिला, तर दुसऱ्याला ती उचलता येत नाही. तुमचा किकर तसाच बूमवर बसून होता आणि विंच त्याच्याशी झगडत होती.

म्हणून आधी शीड फडफडू लागेपर्यंत मेनशीट सैल करावी, किकर पूर्ण सोडावा आणि टॉपिंग लिफ्ट, म्हणजे बूमचे टोक वरून तोलणारा दोर, इतका ताणावा की बूमचा भार शिडावर राहणार नाही. मग हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, उतरवून शिडाच्या पुढच्या बाजूचे रीफचे कडे गूजनेकजवळच्या, म्हणजे बूम डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्याजवळच्या, आकड्यात अडकवावे, हॅलयार्ड पुन्हा कसावी आणि त्यानंतरच मागचा रीफचा दोर ओढावा. कोपरा बूमला भिडल्यावर टॉपिंग लिफ्ट सैल करावी आणि किकर व मेनशीट पुन्हा कसावी. मधल्या दोऱ्या सर्वांत शेवटी, ढिल्या बांधाव्यात. त्यांचे काम केवळ लोंबणारे कापड गुंडाळून धरण्याचे आहे. सारा ताण पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यांनी घ्यायचा असतो, कारण तिथे कापडाचे थरावर थर शिवलेले असतात. तुमच्या बारीक दोऱ्यांनी तो ताण आधी घेतला, म्हणून कापड टरकले.

एक गोष्ट जवळून तपासा. रीफचा दोर बूमला जिथून खाली ओढतो, तो बिंदू मागच्या कोपऱ्यातल्या रीफच्या छिद्राच्या बरोबर खाली नसून किंचित मागे असावा, म्हणजे एकच दोर कोपऱ्याला खाली दाबतो आणि मागेही ताणतो. बिंदू पुढे सरकलेला असेल, तर शिडाच्या पायाशी पोट सुटते, आणि जोराच्या वाऱ्यात नेमके तेच नको असते. जुन्या नौकेवर बूमच्या टोकाची चाके मिठाने जाम झालेली असतात. ती गोड्या पाण्याने धुऊन हाताने फिरतात का ते पाहावे.

कॉकपिटच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. मेनशीट आणि किकर तिथेच हवेत, कारण झोत आला की ते क्षणात सोडता आले पाहिजेत. हॅलयार्ड आणि रीफचे दोर मात्र एकत्र ठेवावेत : पुढचे कडे अडकवायला डोलकाठीपाशी जावेच लागत असेल, तर ते तिथेच असू द्या. दोर वळवणारी प्रत्येक कप्पी घर्षण वाढवते आणि अर्धे दोर इकडे, अर्धे तिकडे ठेवले तर दोघांची धावपळ होते.

शीड दुरुस्त झाल्यावर मंद वाऱ्यात, नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वाऱ्याकडे ठेवून नांगरावर हा क्रम दहा-बारा वेळा करा. पहिल्या रीफसाठी हॅलयार्ड जिथे थांबते, तिथे रंगीत दोऱ्याचे चार टाके घाला, म्हणजे अंधारातही ती खूण बोटांना लागेल.